हरणीच्या गळ्यातली घंटी

मोहिनीला भर दुपारी झोप येते, हे मनकर्णाबाईनं आधी शेजारणींना सांगितलं, मग पोराला. सून चुलीपुढं बसल्या बसल्या पेंगते. भाकरीचा कोळसा होतो, तरी हिला वास येत नाही. काल तर धार काढता काढता शेळीच्याच पाठीवर मान टाकून झोपली. शेळीला लाज वाटली असंल, हिला न्हाई.

पोरगा बालाजी खाली मान घालून ऐकायचा. बायको झोपाळू, नवरा मुका.

शिरड शहापुरात मनकर्णाबाईच्या नजरेला मान होता. एवढ्या शेळ्यामेंढ्यांत आजारी कोणती, हे ती लांबून, नुसत्या कानाच्या ठेवणीवरून सांगायची. शाळा दुसरीत सुटली, पण अक्कल कोणाकडं उसनी मागितली नव्हती. त्यामुळं आशाताईनं अंगणवाडीत बायका जमवून झोपेच्या गोळ्यांच्या नादाचं सांगितलं, तेव्हा पहिला उजेड तिलाच पडला. जीभ जड होते. पाय लटपटतो. गोळ्या वेळेआधी संपतात. रातचं काही आठवत नाही, विचारलं की माणूस अंगावर येतं.

"बाई, तू तर माझ्या घरातलंच सांगून राहिली," मनकर्णाबाई तिथंच म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

गोळ्या तिच्याच होत्या. मालक गेल्यावर झोप उडाली, म्हणून हिंगोलीच्या डॉक्टरनं लिहून दिलेल्या, हक्काच्या. आताच्या गोळ्यांत दम नाही, एकीनं भागत नाही, ते खरं. जवळा बाजारच्या दुकानातून वरच्या आणाव्या लागत, तेही खरं. पण म्हणून पाकीट इतक्या लवकर रितं होतंय व्हय? गोळ्यांचा बटवा तर तिच्या उशाखाली. घरात बाहेरून आलेली एकटी मोहिनीच.

एकदा संशय बसला अन् सगळं बराबर जुळत गेलं. मोहिनी काड्याची पेटी उंच फळीवर लपवायची. दिवस मावळला की आडावर पत्रा टाकून वर धोंडा ठेवायची. लहानग्या आरोहीला आजीजवळ निजू देईना. मनकर्णाबाईच्या अंथरुणात सकाळी माती निघायची. नशेत कुठं झाडलोट करती ही? मनकर्णाबाईच्या नडगीला खरचटलेलं, तेसुद्धा सुनेनं वाटेत टाकलेल्या पाटीनंच असणार.

त्यात घंटी गेली. हरणी नावाची शेळी रात्री दावं सोडवून निघायची, तिच्या गळ्यातली. भटक्या जनावराला घंटी बांधायची, म्हणजे अंधारात ते आडात पडायच्या आत आवाजावर धरता येतं; ही रीत मनकर्णाबाईनंच मोहिनीला ती नवी नवरी असताना शिकवली होती. आता हरणीला आखूड दाव्यानं बांधलेलं, अन् गळा मोकळा.

"घंटी काय केली?"

"घरातच हाय, आत्याबाई," मोहिनी म्हणाली अन् तिचे डोळे भरून आले.

विकली असणार. मनकर्णाबाईनं त्याच दिवशी नरसीला मोहिनीच्या बापाला, वसरामला निरोप धाडला. तुमची नशेबाज पोरगी घेऊन जा, लेकरू आमचं हाय, ते इथंच राहील. मोहिनीनं पाय धरले. स्वतःसाठी काही मागितलं नाही. आरोहीला तेवढं माझ्यासंग जाऊ द्या, हिथं ठेवू नका, एवढंच म्हणत राहिली. मनकर्णाबाईनं पाय सोडवून घेतले.

वसराम दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं आला. त्याच्या खोकण्यानं मनकर्णाबाईला जाग आली, तर ऊन बाजेवर चढलेलं. नेमका आजच डोळा लागावा. बाजेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून मोहिनी गाढ झोपलेली. तिच्या तळहातावर भाजल्याचा ताजा फोड.

आयताच पुरावा. मनकर्णाबाईला बरंच वाटलं.

"बघा इवाई, तुमच्या लेकीचे गुण," ती म्हणाली. जीभ जरा जडच वळली. अंगातला राग आवरेना, ती तशीच उठली अन् जमिनीवर पाय टेकला.

घंटी वाजली.

तिनं हरणीच्या खुंट्याकडं बघितलं. खुंटा मोकळा होता. बालाजी कळप घेऊन कवाच रानात गेला होता. ती वसरामकडं एक पाऊल सरकली. घंटी पुन्हा वाजली.

वसराम तिच्या पायांकडं बघत होता.

डाव्या घोट्याला काळ्या लोकरीच्या दोरीनं हरणीची घंटी बांधलेली होती. दोरी रुतू नये म्हणून खाली मऊ चिंधी. रोज बांधून, रोज सोडून दोरी गुळगुळीत झालेली.

मोहिनी दचकून जागी झाली अन् तशीच गाठीवर वाकली.

"आज सोडायची राहिली, आत्याबाई. माझा डोळा लागला."

मनकर्णाबाई बाजेवर बसली. त्या फोडाकडं बघता बघता तिला उंच फळीवरची काड्याची पेटी आठवली. मग उशाखालचा बटवा काढून तिनं सुनेच्या चांगल्या हातात ठेवला.

"हे तुझ्याजवळ ठेव, मोहिने," ती म्हणाली. "अन् घंटी सोडू नको. जनावर भटकं हाय."