तीच नोटीस

"बसा, मास्तर," मालक म्हणाले आणि स्वतः उठून त्यांनी खुर्ची पुढे केली.

कटिंग मास्तर बसले नाहीत. तेवीस वर्षं त्यांनी या कारखान्यात कापड कापलं, पण या खोलीत त्यांना कुणी कधी बसा म्हटलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी कामावरून काढलं तेसुद्धा उभ्याउभ्याच. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आज हरी कोण ते समोर दिसतच होतं. गाढव कोण, हा विचार मास्तरांनी तूर्त बाजूला ठेवला.

टेबलावर दोन टीशर्ट पसरले होते. एकदाच धुतलेले, पण बाह्या आखडून पार तोकड्या झालेल्या. खिडकीशी मॅनेजर मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा होता. मॅनेजर म्हणजे मालकांचा मेहुणा, तेव्हा त्याच्या डोक्याला तिथून उठवण्याची कुणाची टाप नव्हती.

"सगळा माल परत आला," मालक म्हणाले. "तुमच्या वेळी झालं होतं, तस्संच. म्हणजे तुमची काही चूक नव्हती, हे मला आता कळतंय. झालं गेलं विसरून जा. सोमवारपासून या."

खरं सांगायचं तर मास्तरांना यायचं होतं. फार यायचं होतं. छप्पन्नाव्या वर्षी नवं दार कोण उघडतो? दोन ठिकाणी जाऊन आले, तर दोन्हीकडे आधी हाच प्रश्न: तिथून का काढलं? निघताना बायकोनं बजावलं होतं, "बोलावलंय ना, मग गुपचूप हो म्हणा. तिथं जाऊन नाकानं कांदे सोलू नका."

त्यांनी एक टीशर्ट उचलून हातानं चाचपला. कापड चांगलं होतं, फक्त निजवलेलं नव्हतं. मिलमधून कापडाचा तागा येतो तो ताणून गुंडाळलेला. उलगडून दिवसभर टेबलावर मोकळं सोडलं, की ते हळूहळू आपल्या खऱ्या मापावर येतं. कारखान्यात याला सगळे कापड निजवणं म्हणत. तेवढी दया न दाखवता कात्री लावली, तर पहिल्याच धुण्यात कापड अंग चोरतं.

"कुणी कापलं हे?"

"टाचणीनं," मॅनेजर म्हणाला. "तिचा हात अजून बसला नाही."

टाचणी म्हणजे अकरा वर्षं मास्तरांच्या हाताखाली राबलेली बाई. सदा ओठांत टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव. मास्तर गेल्यावर टेबल तिच्याकडे आलं होतं. आत्ता येताना ती तिथंच दिसली, खडू आणि मोजपट्टी पिशवीत भरत असलेली. मान वर न करता एवढंच म्हणाली, "टेबल पुसून ठेवलंय, मास्तर." तेव्हा मास्तरांच्या काही लक्षात आलं नाही. आता आलं, आणि फार लाज वाटली.

"कापड निजवायला तिला एक दिवस दिला होता?"

"ऑर्डर अर्जंट होती," मॅनेजर म्हणाला.

"माझ्या वेळीही अर्जंट होती. कापा, पुढचं मी बघतो, असं म्हणाला होतात तुम्ही."

"मी? मी असं कधी..."

"म्हणाला होतात. आणि मी कापलं. तेवढी चूक माझी. त्याच वेळी कात्री खाली ठेवायला हवी होती."

"मास्तर," मालक मध्ये पडले, "जुनं उकरून कुणाचं भलं झालंय? आणि तिची काळजी सोडा. आजच मोकळी करतोय तिला. हा बघा, कागद तयार आहे. एका टेबलाला दोन मास्तर मला नाही परवडत."

मास्तरांनी कागद हातात घेतला. कामातील अक्षम्य निष्काळजीपणामुळे आपणास तत्काळ सेवेतून कमी करण्यात येत आहे. पुढचं वाचायची गरजच नव्हती. हा मजकूर त्यांना तोंडपाठ होता; तीन महिने रोज वाचला होता. तीच नोटीस, फक्त नाव टाचणीचं. खाली मालकांच्या सहीची जागा रिकामी होती.

म्हणजे त्यांच्यावरचा डाग पुसायला या लोकांनी टाचणीचा पदर ओढला होता. आणि आपण त्या पुसलेल्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं! मास्तरांचं डोकं तडकलं. बायको आठवली, ते दोन कारखाने आठवले, तरी तडकलं ते तडकलंच.

"पेन द्या," ते म्हणाले.

मालकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. मास्तर टेबलावर वाकले, टाचणीच्या नावावर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि वर दुसरं नाव लिहिलं. सावकाश, ठळक, आडनावासकट. मग कागद फिरवून मालकांसमोर सरकवला.

मालकांनी नाव वाचलं आणि खिडकीकडे बघितलं. मॅनेजर दोन ढांगांत टेबलाशी आला. कागदावर स्वतःचं नाव बघून त्याचा आवाज चढला. "भाऊजी, हा काय तमाशा आहे!"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"सोमवारी येतो मी," ते मालकांना म्हणाले. "टाचणी असेल त्याच टेबलावर. नाहीतर नाही येत."

"अहो, पण हे असं कसं..."

"मजकूर तुमचाच आहे," मास्तरांनी उघडं पेन मालकांपुढे धरलं. "आज पहिल्यांदा खरा झालाय. करा सही."