तिसरं नोझल

थंडीनं गारठलेली जुनी पिकअप आठव्या सेल्फला पांढरा धूर ओकत एकदाची चालू झाली. मागं टोमॅटोचे क्रेट लादलेले होते आणि माळशेज घाट उतरायचा होता. "लई ठोकतंय! बेअरिंग गेलं काय हो, मिस्तरी?" ड्रायव्हर ओरडला. दौलतमिस्तरींनी ते त्याच्या ओठांवरून ओळखलं. दिवाळीत त्यांचा उरलेला कानही गेला होता, पण घरातसुद्धा त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्यांनी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चार नोझलांपैकी पहिल्याचा नट सैल केला. डिझेल तोडल्यावर ठोका थांबला, तर दोष त्या नोझलचा. चारपैकी कशानंच थांबला नाही, तर बेअरिंग गेलं, इंजिन खोलायचं. चाळीस वर्षांची ही रीत सगळी कानावरच चालायची. हाताला तर इंजिनाची थरथर प्रत्येक वेळी सारखीच लागायची. अंदाजानं ठोकून द्यावं, तर भरली गाडी घाटात दगा द्यायची. त्यांनी दुसरा नट सैल केला.

समोर नट खोलायचे पाने घेऊन सून उभी होती. गॅरेजात त्यांच्या हाताखाली तीच काम करायची. तिसरा नट सैल होताच तिनं पदर सावरला. चौथ्याला ती हलली नाही. मिस्तरींनी पुन्हा तिसरा सोडला. त्यांच्या डोळ्यांत बघत तिनं पुन्हा पदर सावरला.

"तिसरं नोझल," ते ठासून म्हणाले. "बेअरिंग ठणठणीत आहे."

ड्रायव्हर खुशीत चहा सांगायला गेला. मिस्तरींची मान वर होईना. "कधीपासनं कळलंय तुला?"

ती वाकून त्यांच्या समोर आली आणि तिनं आवाज न काढता, सावकाश, नुसते ओठ हलवले.

"पहिल्या दिवसापासनं, मामा."