कॉस्मासचं सोपं गाणं

“हे पण नको,” म्हणत थेल्मानं आणखी एक कॅसेट मशीनमधून काढली. समोर तिचा मोठा दीर कॉस्मास, कोणी तापलेलं भांडं हातात दिल्यासारखा, माइक धरून बसला होता.

कराओकेचं ते मशीन थेल्माच्या भावानं बाहरीनहून आणलेलं. त्यात नुसतं वाजतं, गायचं आपण. १९९३ साली ठाण्यातल्या माजिवड्याच्या गावठाणात असं दुसरं मशीन नव्हतं, त्यामुळे लग्न कुणाचंही असो, थेल्मा आणि मशीन दोघांना आमंत्रण असायचंच. पण तिचं खरं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ज्यांना गाता येत नाही, त्यांना ती गायला लावायची. “आवडतं गाणं घ्यायचंच नाय,” ती सांगायची. “आवडत्या गाण्यात माणूस उघडा पडतो. सपाट घ्या, ओळी लहान घ्या, मध्ये श्वासाला जागा असलेलं घ्या.” एवढ्या भांडवलावर तिनं भल्याभल्या लाजाळूंना माइकपुढे उभं केलं होतं. कॉस्मास मात्र सपाट गाण्यातही धडपडत होता.

आणि आज धडपडून चालणार नव्हतं. उद्या त्याच्या मुलीचं, जुलियाचं लग्न. त्या घरची रीत अशी की आदल्या संध्याकाळी मांडवातलं पहिलं गाणं घरच्यांनीच म्हणायचं, मग बाकीच्यांनी. घरातलं गाणं म्हणजे कॉस्मासची बायको रेजिना, आणि ती दोन वर्षांपूर्वी वारली. नातेवाइकांनी सुचवलं की मशीनवर काहीतरी लावून मोकळे व्हा. जुलिया हटून बसली.

“मम्मी नाय म्हणून घर मुकं झालं काय? पहिलं गाणं पप्पा बोलतील. नायतर मांडवात कोणी गायचंच नाय.”

आता कॉस्मासनं माइक मांडीवर ठेवला. “मला नाय जमणार, थेल्मा. देवळात फादरपुढे पण मी रेजिनाच्या आवाजाखाली लपायचो. पोरीला तूच सांग.”

थेल्मानं हातातली कॅसेट बाजूला ठेवली आणि विचारलं, “दादा, मे महिन्यात गावच्या क्रुसापुढे प्रार्थना होते, तेव्हा संतांची नावं कोण घेतं?”

“मी. ते काय गाणं आहे? आपण नाव घ्यायचं, लोकांनी उत्तर द्यायचं.”

“त्यात कधी घसरलात?”

कॉस्मास विचारात पडला. तिथं घसरायला वावच नव्हता. एकाच सुरात नाव घ्यायचं, शेवटी जरासं खाली उतरायचं, की बाकीचं गाव उचलायचं.

“मग तसंच,” थेल्मा म्हणाली. “फक्त आज संत नकोत, आपली माणसं बोलवा. लोक म्हणतील ‘या मांडवात’. तेवढ्यात तुम्ही श्वास घ्या.”

संध्याकाळी मांडव भरला. वसईहून नवऱ्याकडची मंडळी आली, बाळकुमचे कोळी दोस्त आले, थेल्माच्या ऑफिसातल्या मंदाकिनीबाई डोंबिवलीहून आल्या. काय उत्तर द्यायचं ते थेल्मानं पुढच्या रांगेतल्या बायकांना सांगून ठेवलं. मग एक संथ धून बारीक आवाजात लावली आणि दिराला खूण केली.

“बाळकुमचा नामा,” कॉस्मास म्हणाला. आवाज कोरडा पडला होता.

“या मांडवात,” चारपाच बायका म्हणाल्या. नामा कोळी दचकून उभा राहिला आणि हात जोडून खाली बसला. मांडव हसला.

“त्याचा भाऊ धाकू.”

“या मांडवात.” या वेळी पुरुषही म्हणाले.

मग वसईचे व्याही झाले, मंदाकिनीबाई झाल्या, चुलीपाशी घाम पुसणारा आचारी झाला. प्रत्येक नावाला मांडव उत्तर देत होता, आणि कॉस्मासचा आवाज रुळत चालला होता. थेल्माच्या जिवात जीव आला. आता हा थांबेल, टाळ्या पडतील, पोरगी खूश होईल.

कॉस्मास थांबला नाही.

“माझा बाप कैतान.”

“या मांडवात,” लोक सवयीनं म्हणून गेले, आणि मग एकमेकांकडे बघू लागले. कैतान जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

“माझी आई मोनिका.”

या वेळचं उत्तर हळू आलं, पण सगळ्यांचं एकदम आलं. म्हाताऱ्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले. बँडवाल्यांनी आपापली वाद्यं खाली ठेवली. कॉस्मास एकेकाला हाक मारत राहिला. खाडीत गेलेला चुलतभाऊ. लग्नाआधीच तापानं गेलेली बहीण. जुलियाच्या आधी झालेला, नाव ठेवायच्या आत गेलेला मुलगा. या माणसांना बोलवायला थेल्मानं त्याला सांगितलं नव्हतं. आजवर तिनं कितीतरी जणांना सोपी गाणी निवडून दिली होती, पण एवढं मोठं गाणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिला थोडी भीतीही वाटली. मांडव भरलेलाच होता, तरी कोणीतरी येत आहे असं तिला वाटत राहिलं.

एकच नाव राहिलं होतं. कॉस्मासनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. माइकमधून नुसता श्वास ऐकू आला. जुलिया बाकावर ताठ बसून बापाकडे बघत होती. थेल्माचा हात धून मोठी करायला मशीनकडे गेला.

“या मांडवात,” अख्खा मांडव म्हणाला.

जुलिया बाकावर जराशी सरकली आणि तिनं शेजारी जागा केली.