पाहुण्याचा लेख

बुरुलायने मासिकातल्या लांडग्यांवरच्या लेखाचा सारांश झकास लिहिला. परीक्षणाचं पान मात्र कोरंच ठेवलं.

"लेखातल्या चुका दाखव, नाहीतर पाचपैकी दोनच गुण देईन. मग बिश्केकची जीवशास्त्राची स्पर्धा विसर," झीपाराबाई म्हणाल्या.

"बाई, हे लेखक उन्हाळ्यात आमच्या तंबूत राहिले होते. खुदाने धाडलेला पाहुणा तो. त्याच्या चुका कशा काढू?"

"विज्ञानात पाहुणा-बिहुणा काही नसतं गं! लिही."

बुरुलायने मान खाली घालून लिहिलं, 'मेंढी पळवण्याआधी लांडगा तंबूला सात फेऱ्या घालतो, हे साफ खोटं आहे. पाहुणा इतक्या आशेने विचारत होता, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून आमच्या आजोबांनी तसं सांगितलं.'

"शाबास! आणि या शहाण्याने दुसऱ्या कुणाला विचारून खात्रीसुद्धा करून घेतली नाही?"

"घेतली ना. खाली छापलंय." बुरुलायने मासिक हळूच पुढे सरकवलं. "तुमच्याकडे चहाला आले होते तेव्हा."

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग वहीत पाचपैकी पाच गुण लिहून पुटपुटल्या, "किती लांबून आला होता गं बिचारा!"