बंदरावरची लीना

खेळ बंद झाला तेव्हापासून जासिंत जेवणावर रुसला होता, आणि इमेल्डा आतल्या आत जळत होती.

जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळून आरोंद्याला परतलेला नवरा दुपारभर कॉम्प्युटरच्या खेळात होडी चालवतो, याचं तिला काही नव्हतं. तिचं दुखणं होतं लीना. त्या खेळातल्या बंदरावर कुठूनशी येणारी, लाल झग्यातली बाई. लिहायची सावकाश, पण तिच्या एका ओळीसाठी जासिंत घटकाभर थांबायचा. घरच्या बायकोने अर्धं वाक्य बोलावं, तर हा उठून अंगणात.

त्याने लीनाला काय काय सांगितलं होतं. तुफानात इंजिनखोलीत आपण पोरासारखे रडलो, हेसुद्धा. मासे कोणासाठी सुकत घातलेत हे मांजराला कळतं, मग बायकोला कळणार नाही?

इमेल्डा त्याच्या खोलीचा उंबरा शिवत नसे. मुलगी अँजेलाने दिलेला फोन हातात धरून ती स्वयंपाकघरात धुसफुसत बसे.

सांजेला गावच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा झाली की लीना निरोप घ्यायची. तिच्याही गावात इगर्ज असणार, असं जासिंत म्हणे. मग तो घरच्या प्रार्थनेला येऊन बसायचा, मन मात्र तिकडेच.

पुढे परदेशातल्या कंपनीने सर्व्हर बंद केला. बंदर, होडी, लीना, सगळं एकदम गेलं.

अँजेलाचा नवरा मेल्रॉय गोव्याहून आला. त्याने सांगितलं, खेळ चालू असतानाच आम्ही काही जणांनी त्या सर्व्हरची उत्तरं साठवून ठेवलीत. घरच्या जुन्या कॉम्प्युटरला तीच उत्तरं द्यायला शिकवलं, की घरातल्या कॉम्प्युटरवर, फोनवर बंदर पुन्हा उघडेल. पपांना करून देऊ का, हे त्याने सासूलाच विचारलं. त्या घरात तिच्या परवानगीशिवाय माडाचा नारळ पडत नसे.

"माजी आवस, ह्येची सासू, गेली तेवा ह्येच्या डोळ्यांत पाणी इला नाय," इमेल्डा म्हणाली. "आता तिच्यासाठी रडता. कर तू. येवंदे ती अवदसा. माका बघूचा आसा, तिका आणखी काय सांगता तो."

मेल्रॉय वायरींत डोकं घालून बसला. इमेल्डाने त्याला बांगड्याची कढी वाढली, सोबत टोमणेही वाढले.

शनिवारी दुपारी पडद्यावर बंदर उघडलं. घरात तिघंच. इमेल्डा भाकऱ्या थापत होती. बंदरात जासिंतची होडी एकटीच डुलत होती.

"लीना येतली?" जासिंतने विचारलं.

मेल्रॉयने हळूच समजावलं, की आता बाहेरचं कुणीच यायचं नाही. हे घरच्या वायफायवर चालतं, अंगणातल्या क्रुसापलीकडे पोचत नाही. बंदर वाचलं, पण माणसं गेली.

जासिंतने मान हलवली.

तेवढ्यात धक्क्यावर लाल झगा येऊन उभा राहिला.

मेल्रॉय वायर तपासायला वाकला. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

जासिंतने वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग एका बोटाने त्याने लिहिलं, "भाकरी करपता गो, इमेल्डा."