सुटलेला हात

अपडेट मधेच अडकलं. मेंदूत बसवलेल्या, आठवणी साठवणाऱ्या पट्टीची नवी आवृत्ती नवरा-बायकोच्या सामायिक आठवणींची एकच प्रत ठेवत असे, आणि खानविलकर काका-काकूंच्या एका आठवणीच्या दोन प्रती जुळत नव्हत्या. अपडेट केंद्रातल्या मृणालने सवयीने दोन्ही उघडल्या. काकांच्या प्रतीत बोटीच्या धक्क्यावर लेकीचा हात त्यांच्या हातून सुटून ती पाण्यात पडून बुडत होती; काकूंच्या प्रतीत तो काकूंच्या हातून सुटत होता. काकूंची प्रत गेल्याच महिन्यात बदलल्याची नोंद होती.

"काकू, तुमची खरी नाहीये," मृणाल म्हणाली. "ही ठेवली तर खरी कायमची जाईल. तुम्ही बदलून घेतली होती, हेही तुम्हाला आठवणार नाही."

काकूंनी शेजारच्या खुर्चीत गुंगीत असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "अकरा वर्षं धड झोपले नाहीत गं ते. माझीच ठेव."

मृणालने काकूंनाही गुंगी दिली आणि बटण दाबलं.

दोघं जागे झाले. काका बायकोकडे वळले.

"एवढीशी पोर," ते म्हणाले, "तुला एक हात धरता आला नाही?"

काकूंनी मान खाली घातली. "नाही हो आला."

मृणालने साय बाजूला करून गार चहा संपवला आणि पुढचा नंबर पुकारला.