नव्वद सालची गाणी

शुक्रवारी सकाळी कुवेतमधल्या फहाहीलला लीनाताईंच्या घरी रेडिओ ऐकणारी मंडळी जमायची. त्या दिवशी कार्यक्रमात सगळी नव्वद सालची गाणी होती. दुसरं गाणं लागलं आणि रामभाऊंचा हात आपसूक बटणाकडे गेला.

"अहो काका, राहू द्या की!" परीक्षित ओरडला. "एवढं गाजलेलं गाणं, आणि बंद काय करताय?"

"हिला खपायचं नाही. लागलं की बंद करायची." रामभाऊंची बायको वारून जेमतेम महिना झाला होता. "का, ते कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

 नव्वदच्या इराकी हल्ल्यानंतर कुवेत सोडून पळताना जॉर्डनच्या छावणीत लीनाताई या नवराबायकोच्याच तंबूत होत्या.

"भाऊ, तुम्ही पाण्याच्या रांगेत होतात. तुमच्या तापाने फणफणलेल्या बाळाला मांडीवर घेऊन वहिनी हेच गाणं म्हणत होत्या. बाळ गेलं, तरी त्याला झोपवत असल्यासारख्या म्हणतच राहिल्या. मला खुणेनंच गप्प बसवलं. तुम्ही परत यायच्या आत कुणी त्याला उचलून नेऊ नये, म्हणून."